संगणकाच्या कोपऱ्यातले घड्याळ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० साठीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा थांबवल्या. विंडोज-११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या अनेक संगणकांवर ती चढतच नाही. नव्या पेठेतल्या दुकानाचा गल्ला असो, होटगी रस्त्यावरचा दवाखाना असो की घरातल्या मुलांचा जुना संगणक, प्रश्न एकच उरला: यंत्र भंगारात द्यायचे की त्यावर दुसरे काही चालवायचे? ज्यांनी दुसरा रस्ता धरला ते बहुतेक लिनक्सकडे वळले. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्सच्या घराण्यातली ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही नीट चालते. आपल्या सी-डॅकने बनवलेली ‘बॉस’ ही प्रणालीही याच कुळातली.

एकदा लिनक्स बसवले की किरकोळ गोष्टींची निवड सुरू होते, आणि त्यात पहिल्या काही दिवसांतच येते ते घड्याळ. विंडोजमध्ये ते खाली उजव्या कोपऱ्यात आयते असायचे. इथे डझनावारी घड्याळे समोर येतात. काट्यांची, आकड्यांची, अर्धपारदर्शक, हवामान सांगणारी, चंद्राची कला दाखवणारी. यातले कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. पण रुग्णालयात बाळ जन्मल्याची वेळ, इंजेक्शन दिल्याची वेळ, रुग्ण दगावल्याची वेळ आता पुष्कळदा संगणकाच्या कोपऱ्यात बघूनच लिहिली जाते. तेव्हा घड्याळ हलके हवे, ठळक हवे, आणि बरोबर तर हवेच.

आधी हलकेपणाचे पाहू. संगणकाचा प्रोसेसर काम नसले की झोपतो. २००७ पर्यंत लिनक्सचा गाभा त्याला सेकंदाला शेकडो वेळा उगीचच टोचून उठवत असे. त्या वर्षी आलेल्या २.६.२१ या आवृत्तीपासून ही सवय मोडत गेली, आणि त्याच सुमारास इंटेलने ‘पॉवरटॉप’ नावाचे साधन दिले. कोणता प्रोग्राम प्रोसेसरची झोप किती वेळा मोडतो, हे ते मोजून दाखवते. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला दर थोड्या वेळाने कोणी ना कोणी उठवत राहिले तर तासांच्या हिशेबात तो पुष्कळ झोपलेला दिसतो, पण ताजातवाना होत नाही. प्रोसेसरचेही तसेच. झोप सलग मिळाली तरच तो खोल झोपतो आणि तेव्हाच वीज वाचते.

आता हिशेब करू. फक्त तास-मिनिटे दाखवणारे घड्याळ दिवसातून १,४४० वेळा स्वतःला नव्याने रेखाटते. सेकंद दाखवणारे ८६,४०० वेळा. मिनिटाला ७२ ठोक्यांच्या हिशेबाने माणसाचे हृदय दिवसात १,०३,६८० वेळा धडधडते, म्हणजे सेकंदाचे घड्याळ जवळजवळ हृदयाशी बरोबरी करते. आणि ज्यात सेकंदकाटा टकटक न करता तेल लावल्यासारखा सरकत फिरतो, ते घड्याळ सेकंदाला ६० चित्रे काढत असेल तर दिवसाला ५१ लाख ८४ हजार वेळा. एवढ्या कष्टात हृदयाचे पन्नास दिवस निघतात.

हा मुद्दा आजचा नाही. विंडोज-९५ तयार होत असताना तिच्या चाचणी आवृत्तीतले घड्याळ दर सेकंदाला लुकलुकत असे. त्या काळच्या ४ एमबी मेमरीच्या यंत्रांवर तेवढ्यानेही इतर कामे मंदावलेली दिसली, म्हणून ते काढून टाकले गेले. २०२३ मध्ये विंडोज-११ ला सेकंद दाखवण्याची सोय पुन्हा मिळाली, पण त्या पर्यायाशेजारीच ‘यात जास्त वीज लागते’ अशी सूचना आहे. एकाच मोठ्या संगणकावर वीस-पंचवीस पडदे चालवणाऱ्या कार्यालयांत तर प्रत्येक पडद्याचे वेगळे घड्याळ तो एकटा संगणक रेखाटत असतो.

मात्र याचा बाऊ करण्यातही अर्थ नाही. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या एका घरगुती संगणकावर सेकंद बंद केल्याने महिन्याच्या वीजबिलात फरक जाणवणार नाही. फरक जाणवतो तो तासाभरात माना टाकणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर, आणि एक-दोन जीबी मेमरी असलेल्या यंत्रावर. तिथे खरा जाच झोपमोडीपेक्षा मेमरीचा असतो. काही देखणी घड्याळे आतून अख्खा वेब ब्राउझर बाळगून असतात. वेळ सांगण्याच्या कामासाठी शंभर एमबीहून जास्त जागा अडवणे म्हणजे पोस्टाचे पाकीट पोचवायला ट्रक काढण्यासारखे आहे.

मग घ्यावे कोणते? सर्वांत हलके घड्याळ म्हणजे आधीच चालू असलेले. एक्सएफसीई, एलएक्सडीई, माटे अशा हलक्या डेस्कटॉपांच्या पट्टीत घड्याळ असतेच. पट्टी तर चालूच आहे, तिच्यात घड्याळाची भर नावापुरती. बहुतेक घरांना एवढे पुरते आणि शोध तिथेच थांबवावा. एक्सएफसीईच्या पट्टीतल्या घड्याळाला काटे, आकडे आणि दोनअंकी ठिपके यांखेरीज ‘अंदाजे’ वेळ सांगण्याचीही सोय आहे. नेमके १६:४७ न दाखवता ते ‘पावणेपाच’ या धाटणीचे काहीतरी इंग्रजीत सांगते. पाऊण, सव्वा, दीड, साडेतीन यांवर वाढलेल्या मराठी माणसाला त्याचे कौतुक वाटू नये. आपल्या बोलण्यातले घड्याळ पिढ्यानपिढ्या याच पद्धतीचे आहे. निवृत्तांच्या घरी ते शोभून दिसेल. वॉर्डात मात्र चालणार नाही.

पट्टीतले आकडे जेमतेम तीन-चार मिलिमीटर उंचीचे असतात. दुरून दिसेल असे स्वतंत्र घड्याळ हवे असेल तर ‘एक्सक्लॉक’ हे नाव लक्षात ठेवावे. युनिक्सच्या पडद्यावर खिडक्या काढणारी ‘एक्स’ प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, आणि एक्सक्लॉक हा तिचा जुना सोबती. डेबियन व तिच्या वंशातल्या प्रणालींमध्ये तो ‘एक्स-इलेव्हन-ॲप्स’ या संचात मिळतो. दिसायला अगदी साधा, काट्यांचा किंवा आकड्यांचा. मुळात तो ६० सेकंदांतून एकदाच जागा होतो. ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतराने जागे व्हायला सांगितले तरच सेकंदकाटा दिसू लागतो. कोणत्या क्रमाने काय दाखवायचे, अक्षर किती मोठे, रंग कोणता, हे सगळे सुरू करतानाच सांगता येते. अर्ध्या तासाला एक आणि तासाला दोन ‘टूं’ वाजवण्याची सोयही आहे, ती रात्रपाळीच्या वॉर्डात कोणी चालू करू नये. त्याचा भाऊ ‘ओक्लॉक’ गोल आहे, पण त्यावर आकडेच नाहीत, शोभेला ठीक.

‘कॉन्की’ हा तिसरा प्रकार. तो घड्याळाबरोबर मेमरी, तापमान, नेटचा वेग असे बरेच काही थेट पडद्याच्या पार्श्वभूमीवर लिहितो. वापरणाऱ्याने अंतर वाढवून ठेवले तर तोही फार खात नाही, पण कुठून तरी उचललेली तयार मांडणी चिकटवली की दर सेकंदाला दहा गोष्टी मोजत बसतो आणि घड्याळापायी यंत्र धापा टाकते. नव्या वितरणांत ‘एक्स’ची जागा आता ‘वेलँड’ घेत आहे. तिथे एक्सक्लॉकसारख्या जुन्या मंडळींना मधला दुभाषा लागतो. तो सहसा आयता बसवलेला असतो, तरी निवडीआधी एकदा चालवून पाहावे.

सेकंद दाखवावेत की नाहीत, हा प्रश्न वैद्यकाला जुना आहे. नाडी हाताने बघत, पण ती मोजण्यासाठी सोयीचे घड्याळ नव्हते. इंग्लंडमधल्या सर जॉन फ्लोयर या डॉक्टरने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ खास बनवून घेतले आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. सेकंदकाटा वैद्याच्या हाती आला तो अशा रीतीने. आजही तो परिचारिकेच्या मनगटावरच हवा, संगणकाच्या पडद्यावर नको. कारण जुना संगणक दुसऱ्या कामात गुंतला की पडद्यावरचे घड्याळ चार-पाच सेकंद गोठते आणि मग उडी मारते. आतली वेळ चुकत नाही, दिसणारी चुकते.

या चार-पाच सेकंदांची किंमत मुलांच्या बाबतीत कळते. खोकला असलेल्या लहान मुलाला न्यूमोनिया आहे का, हे ठरवताना आरोग्य सेविका किंवा आशाताई त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजते. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वसन. समजा, दहा महिन्यांच्या मुलाचे खरे श्वास मिनिटाला ४८ आहेत. पडद्यावरचे घड्याळ शेवटी पाच सेकंद अडकले आणि मोजणी ६५ सेकंद चालली, तर आकडा येईल ५२. निरोगी गटातले मूल न्यूमोनियाच्या गटात गेले. उलट बाजूने चूक झाली तर आजारी मूल घरी परत जाईल. म्हणून पडद्यावरचे घड्याळ मिनिटांपुरते ठेवावे. सेकंद मोजण्याचा मोहच होऊ नये. मिनिटांची कामे त्याला बिनदिक्कत सांगता येतात. सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. तेवढ्या वेळात ते गोठले नाही तर विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती बिघडवली आहे, असे समजतात. ही २० मिनिटे बघायला कोपऱ्यातले साधे घड्याळ पुरेसे आहे.

त्याहून जास्त घोटाळा होतो तो १२ आणि २४ तासांत. लिनक्स बसवताना भाषा म्हणून नुसते ‘इंग्रजी’ निवडले की पुष्कळदा अमेरिकन रिवाज लागू होतो: बारा तासांचे घड्याळ, आणि तारखेत महिना आधी. ०५/०६ हे ५ जून की ६ मे? आणि बाळ ‘रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी’ झाले, तर ते कोणत्या तारखेचे? बाळंतिणीचे नातेवाईक आदल्या दिवसाची तारीख सांगतात, कारण त्यांच्या लेखी रात्र अजून संपलेली नसते. कागदावर नुसते १२:०५ लिहिले असेल तर पुढे दुपार की मध्यरात्र हेही ठरवता येत नाही. जन्माची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत व्हायची असते, आणि दाखल्यावर एकदा छापलेली तारीख शाळेपासून निवृत्तीपर्यंत सोबत राहते. २४ तासांच्या घड्याळात हा वाद उभाच राहत नाही: ००:०५, आणि शेजारी नवी तारीख. तेव्हा घड्याळाच्या मांडणीत २४ तास निवडावेत, तारीख सोबत ठेवावी आणि महिना आकड्यात न देता अक्षरात द्यावा. पट्टीतल्या घड्याळांत आणि एक्सक्लॉकमध्येही हे करता येते.

आकडे किती मोठे असावेत, याला नेत्रतपासणीचा तक्ता उत्तर देतो. ६/६ दृष्टी म्हणजे सहा मीटरवरून सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखणे. परिचारिका टेबलापासून तीन मीटरवर खाटेशी उभी असेल तर चांगल्या डोळ्याला साडेचार मिलिमीटर पुरतील. पण मोतीबिंदू नुकता सुरू झालेल्या किंवा चष्म्याचा नंबर बदललेल्या, ६/१८ दृष्टीच्या माणसाला त्याच्या तिप्पट, १३ मिलिमीटर लागतील. ही ओळखण्याची शेवटची मर्यादा झाली. सहज, धावत्या नजरेने वाचता यावे तर एक इंचाचा आकडा ठेवावा. पांढऱ्यावर काळा किंवा काळ्यावर पांढरा. मागे फुलांचे चित्र आणि पुढे अर्धपारदर्शक आकडे ही मांडणी दुकानात छान दिसते, चाळिशीच्या डोळ्यांना ती शिक्षा आहे. घरी झोपायच्या खोलीत संगणक असेल तर नियम उलटा. निद्रानाश असलेल्यांना घड्याळ नजरेआड करायला सांगतात, कारण ‘तीन वाजले, अजून झोप नाही’ या हिशेबानेच झोप आणखी उडते.

इथवर झाले ते घड्याळाच्या चेहऱ्याचे. चेहरा कोणताही निवडला तरी तो वेळ स्वतः ठेवत नाही. आतली वेळ फक्त दाखवतो. यंत्र बंद असताना वेळ सांभाळते ती मुख्य पाटीवरची क्वार्ट्झची एक चिमुकली काडी. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारी. दोनने पंधरा वेळा भागत गेले की हा आकडा बरोबर एकवर येतो, म्हणून तो निवडला आहे. या काडीला २५ अंश सेल्सियसच्या आसपासचे हवामान मानवते. त्याहून गार किंवा गरम झाले की ती मंदावते, आणि फरक दुप्पट झाला की चूक चौपट होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखाही नसलेल्या खोलीत यंत्राच्या आत ४५ अंश असतील, तर एवढ्या एका कारणाने घड्याळ दिवसाला सेकंदाहून थोडे जास्त मागे पडते. काडीची स्वतःची जन्मजात चूक दिवसाला दीड-पावणेदोन सेकंदांपर्यंत असू शकते. दोन्ही एकाच दिशेने जमल्या तर महिन्याला दीड मिनिट.

पूर्वीच्या सोलापूरला हा प्रश्न पडत नव्हता. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी यांचे भोंगे वाजत आणि मिल कामगारच काय, सारे गाव त्यांच्यावर चाले. भोंगा चुकला तर सगळे एकत्रच चुकत. सूर्याचा हिशेब आणखी वेगळा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या दराने इथला सूर्य घड्याळाच्या २६ मिनिटे मागे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सावली पायाखाली नाहीशी होते ती बाराला नाही, १२ वाजून २२-२३ मिनिटांनी. बाराचे ऊन टाळून साडेबाराला बाहेर पडणाऱ्याने खरे तर भर माध्यान्हच गाठलेले असते. उष्माघाताच्या दिवसांत हे ध्यानात असावे.

भोंग्याची जागा आता इंटरनेटने घेतली आहे. डेव्हिड मिल्स या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ‘एनटीपी’ ही पद्धत मांडली. संगणक दूरच्या अचूक घड्याळाला वेळ विचारतो, प्रश्न जायला आणि उत्तर यायला किती वेळ लागला तो वजा करतो, आणि स्वतःला हळूहळू जुळवून घेतो. साध्या नेटवरही सेकंदाच्या छोट्या अंशापर्यंत जुळणी होते. भारताची वेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सरकारी संस्था आणि कंपन्यांना आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या, एनआयसीच्या किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायला सांगितले आहे. घरी एवढी यातायात नको. सेटिंगमधले ‘वेळ आपोआप घ्या’ चालू करावे आणि वेळक्षेत्र ‘एशिया-कोलकाता’ आहे ना ते पाहावे.

वेळक्षेत्र चुकले की होणारी चूक ओळखायला सोपी आहे: बरोबर साडेपाच तास. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना ती हमखास भेटते. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते, विंडोज स्थानिक. एक दुसऱ्याचे घड्याळ वाचते आणि साडेपाच तास सरकते. लिनक्सला ‘आतली वेळ स्थानिक समज’ असे सांगितले की भांडण मिटते.

साडेपाच तासांची चूक नजरेला खुपते तरी. घातक असते ती वीस-पंचवीस मिनिटांची, कारण ती खुपत नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकून पक्षाघात झाला तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, आणि मोजणी सुरू होते रुग्ण शेवटचा ठीक दिसला त्या क्षणापासून. ती वेळ नातेवाईक मोबाइलवर बघून सांगतो. रुग्णालयात आल्याची वेळ संगणकाच्या घड्याळातली, सीटी स्कॅनची वेळ त्या यंत्राच्या घड्याळातली. तीन घड्याळांत वीस मिनिटांचा फरक असेल तर मुदत संपलेली असताना इंजेक्शन दिले जाईल आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढेल, किंवा मुदत बाकी असून नाकारले जाईल.

संगणक सुरू करताच दर वेळी जुनीच तारीख दिसत असेल, संकेतस्थळे ‘तुमचे घड्याळ चुकले आहे’ म्हणून उघडत नसतील, तर मुख्य पाटीवरचा सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला असे समजावे. वीज असेपर्यंत तो नसल्याचे कळत नाही. वीज गेली की उघडे पडते. सेल स्वस्त आहे आणि बदलणे पाच मिनिटांचे काम.

पण काढलेला सेल टेबलावर ठेवू नये. लहान मुले तो गिळतात. २० मिलिमीटर व्यासाचा हा सेल अन्ननलिकेत अडकला की दोन्ही बाजूंना ओल्या पेशी लागून त्यातून वीज वाहते, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीरपणे भाजू शकते. घड्याळ चालवायला ‘संपलेल्या’ सेलमध्ये एवढे करायची शक्ती शिल्लक असते. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळते, खात नाही किंवा खोकते, आणि कोणी पाहिलेले नसेल तर सर्दी-खोकला समजून दिवस जातो. शंका आली तरी लगेच एक्स-रे काढावा. त्यात सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, नाण्याला ते नसते. उलटी करवू नये. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून १२ तास व्हायचे असतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मात्र मध शोधण्यात निघायला उशीर करू नये.

ज्यांचे यंत्र फारच जुने, ३२-बिट आहे, त्यांच्यासाठी आणखी एक तारीख आहे. युनिक्स घराण्यातले संगणक १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून, सेकंद मोजत आले आहेत. हा आकडा जुन्या प्रणाली ३२ बिटांत ठेवतात आणि ती जागा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला अशी प्रणाली १९०१ सालात जाईल. ६४-बिट यंत्रावरच्या लिनक्सला ही अडचण नाही. घरच्या यंत्राला तोवर कोण वापरतो, असे म्हणता येईल. पण आज जन्मलेल्या बाळाच्या लसीकरणाच्या किंवा विम्याच्या पुढच्या तारखा मोजणाऱ्या प्रोग्रामला २०३८ ओलांडायला आजच लागते.

वॉर्डातल्या बाकी घड्याळांचे काय? भिंतीवरचे घड्याळ, ईसीजीचे यंत्र, मॉनिटर, यांतले पुष्कळ नेटशी जोडलेले नसतात आणि ज्याचे त्याचे पळत असतात. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. कागदाच्या वरच्या कडेला ईसीजी यंत्राने छापलेली वेळ रुग्ण दाखल होण्याच्या आधीची असेल तर ती दहा मिनिटे कोणाला मोजता येणार? संगणकाचे घड्याळ एकदा नेटशी जुळवून ठळक आकड्यांत लावले की तेच वॉर्डाचे प्रमाण धरावे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळच्या पाळीच्या सिस्टरने बाकीची यंत्रे त्याच्याशी ताडून पाहावीत, हाताने जुळवावीत, आणि कोणते यंत्र किती मिनिटे पुढे किंवा मागे निघाले ते ड्युटीच्या वहीत लिहून ठेवावे.